येसबाची तलफ

एका गावात एक भोळा येसबा होता. भोळी माणसं गावात आणखीही होती, पण ती अधूनमधून शहाण्यासारखी वागायची. येसबाला तशी सवय नव्हती. त्याला सवय होती ती गांजाची. चिलमीपायी घरातली भांडी गेली, शेळी गेली आणि शेवटी बायको हौसा माहेरी गेली. जाताना म्हणाली, "महिनाभर चिलमीला हात लावू नका. मग मी आपण होऊन येईन." येसबाचा हौसावर भारी जीव. ती गेल्यापासून त्याला घास गोड लागेना.

तो तालुक्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेला. तिथल्या शैलाताईंनी त्याच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. म्हणाल्या, "हे केव्हाही वाजेल आणि विचारेल, कुठं आहात, कुणाबरोबर आहात, तलफ आली का. तुम्ही लिहिलेलं मला इथं दिसेल, म्हणजे तलफ कशानं येते ते कळेल. वाजलं की हातातलं काम सोडायचं आणि खरं ते लिहायचं."

"सोडतो," येसबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचे चुलते, नाना, गाळ काढायला विहिरीत उतरत होते. दोराचं एक टोक नानांच्या कमरेला, दुसरं येसबाच्या हातात. नाना निम्म्यात पोचले आणि मोबाइल वाजला. येसबानं हातातलं काम सोडलं.

कुठं आहात? विहिरीवर. कुणाबरोबर? आत्तापर्यंत नानांबरोबर. तलफ आली का? नाही.

गाळ मऊ होता म्हणून नाना वाचले. लोकांनी त्यांना वर ओढलं तेव्हा नुसते डोळे ओळखू येत होते. "अरे शहाण्या," ते म्हणाले, "सोडायच्या आधी माणसानं मोठ्यानं ओरडून सांगावं, की सोडतोय, सांभाळा."

"चुकलं नाना. आता तसंच करतो."

मग गावातली धुरपाआजी वारली. येसबा मनाचा चांगला, खांदा द्यायला पहिला पुढं. ओढ्याच्या उतरणीला तिरडी आली आणि मोबाइल वाजला. येसबा ओरडला, "सोडतोय, सांभाळा!" आणि सोडलं. उरलेल्या तिघांनी कशीबशी तिरडी सावरली, पण त्या गडबडीत धुरपाआजी क्षणभर उठून बसल्यासारखी झाली. ते बघून निम्मा गाव घरी पळाला.

येसबा लिहीत होता. कुणाबरोबर? धुरपाआजीबरोबर. तलफ आली का? मला नाही, आजीचं माहीत नाही.

नाना लंगडत आले आणि म्हणाले, "चार माणसांत असं ओरडू नये रे बाबा. तोंडातून शब्द काढू नये. मान खाली घालावी, डोळ्याला टॉवेल लावावा आणि मुकाट्यानं निघून जावं."

"हे मला कुणी आधी सांगितलंच नाही," येसबा म्हणाला.

मग नानांच्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं. अंतरपाट धरायला उंच माणूस पाहिजे होता. एक टोक भटजींकडं, दुसरं येसबाकडं. मंगलाष्टकं रंगात आली आणि मोबाइल वाजला. येसबानं मान खाली घातली, डोळ्याला टॉवेल लावला आणि मुकाट्यानं मांडवाबाहेर गेला. अंतरपाट हातातच होता, तोही गेला.

वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली, की हा गडी नवरीसाठी झुरत होता. नवरदेवाच्या चुलत्यानं फेटा काढून ठेवला. नानांनी हातापाया पडून सगळ्यांची समजूत काढली, तोवर जेवणं गार झाली होती.

नानांनी येसबाला धरून ताईंपुढं उभं केलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येसबा, वाजण्याचं राहू द्या. तलफ कशानं येते ते नीट शोधा. आणि ते समोर आलं की विचार करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. उठायचं आणि ते जिथं नाही तिथं पळायचं."

येसबानं शोधायला घेतलं. चहा प्याला, काही नाही. पारावर बसला, काही नाही. संध्याकाळी घरी आला, खुंटीवर हौसाची साडी दिसली. छाती भरून आली आणि तलफही आली. त्यानं लिहिलं, "हौसा." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "हौसा." तिसऱ्या दिवशीही तेच. पण गड्यानं चिलमीला हात लावला नाही. बडीशेप चघळली, तोंडावर पाणी मारलं, गोधडीत तोंड खुपसून रडला. महिना पुरा झाला.

त्याचं लिहिलेलं बघून शैलाताईंना भरून आलं. त्यांनी हौसाला फोन केला. "बाई, तो तुमच्या आठवणीनं तळमळतोय, पण शब्द पाळलाय त्यानं. आता घरी जा."

हौसा सकाळच्या एसटीनं आली. येसबा ओट्यावर बसला होता. ती दारात उभी राहिली आणि हसून म्हणाली, "आले बघा."

येसबाला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पाठोपाठ तलफ आली. त्यानं विचार केला नाही, काही बोलला नाही. उठला आणि पळत सुटला. हौसाला सोडून एसटी वळून परत निघाली होती, तिच्यात चढला.

दुपारी तो सासऱ्यांच्या दारात उतरला. सासरे चक्रावले. "अहो जावईबापू, हौसा तर सकाळीच तुमच्याकडं गेली."

"म्हणून तर आलो, मामा. ती नाही असं माझ्या माहितीत हे एकच ठिकाण."

"आणि ती तिथं एकटी काय करेल?"

"राहू द्या तिला," येसबा पायताण काढत म्हणाला. "मी पुरता सुटलो, की तिला न्यायला मला इथंच यायचं होतं. तेवढा हेलपाटा वाचला."