हंसाचा दोर

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात दोरखंड वळणारा एक कारागीर राहायचा. त्याची मुलगी हंसा दोरावरच्या मल्लखांबात भलतीच तरबेज होती. उंच दोरावर ती खारीसारखी सरसर चढायची आणि पायाच्या अंगठ्यात दोर पकडून उलटी लटकायची.

पण एका वर्षी राजाच्या उत्सवात घात झाला. नगारे वाजले, हजारो डोळे तिच्याकडे वळले आणि तिच्या हातांना दरदरून घाम फुटला. अर्ध्यावरूनच ती घसरली. लोक हसले.

"वस्ताद, मी आता उत्सवात कधीच जाणार नाही," ती आपल्या मल्लखांबाच्या गुरूंना रडत म्हणाली. "माझी भीती काही जात नाही."

"ती घालवायला कोण सांगतंय?" वस्ताद म्हणाले. "तिला घेऊन चढायला शीक."

वर्षभर वस्तादांनी तिला एकही नवं आसन शिकवलं नाही. रोज सराव संपला की ते तिला डोळे मिटून बसवत. मनातल्या मनात ती राजाचं पटांगण बघायची, नगारे ऐकायची आणि पहिल्या पकडीपासून शेवटच्या सलामीपर्यंत सगळा खेळ करायची. छाती धडधडली की श्वास हळूहळू सोडायचा आणि स्वतःला एवढंच सांगायचं, 'फक्त पुढची पकड.'

पुढचा उत्सव आला. नाव पुकारलं तशी हंसा दोराकडे निघाली. शेजारचा एक मल्ल खवचटपणे म्हणाला, "यंदाही पडायचा बेत का? अजून वेळ आहे, माघार घे."

क्षणभर तिला खरंच पळून जावंसं वाटलं. मग तिने लांब श्वास सोडला, तळहातांना माती चोळली आणि दोर धरला.

निम्म्यावर तिचा अंगठा निसटला. लोकांच्या तोंडून 'अरे अरे!' निघालं. हंसाने मांड्यांत दोर आवळला. 'फक्त पुढची पकड.' अंगठा पुन्हा रोवला गेला. मग एकामागून एक आसनं अशी झाली, की सलामीच्या वेळी नगारेवाले वाजवायचंच विसरले!

राजाने मानाचा शेला तिच्या खांद्यावर घातला. "पोरी, भीती नाही वाटली?"

"वाटली ना, महाराज! अजून गुडघे कापताहेत बघा."

तिकडे गर्दीत तिचा बाप भेटेल त्याला सांगत होता, "ती माझी लेक! निसटली, पण सुटली नाही!"

तात्पर्य: भीती शूरालाही वाटते, पण ज्याने शरीराबरोबर मनालाही तालीम दिली, तो भीतीसकट आपलं काम तडीस नेतो.