वानरशेटच्या कोपऱ्यातलं भंगार

प्राणी दुकानं थाटून बसत, त्या काळातली गोष्ट. मुंगूसबाई व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला वानरशेटच्या दुकानात शिरल्या. शेटनं चकचकीत, नवाकोरा क्लीनर पुढे केला. "डोळे झाकून न्या, बाई!"

डोळे झाका म्हटलं की बाईंचे डोळे आणखीच मोठे होत. त्यांनी दांडा हलवला, तर तो डुगडुगला. कोपऱ्यात आजोबांच्या काळातला एक उभा, लोखंडी क्लीनर होता. त्याचा दांडा तसूभरही हलेना.

"तो भंगारात द्यायचाय," शेट घाईघाईनं म्हणाला.

एवढी घाई कशाला? बाईंनी त्याची धुळीची पिशवी उघडली. आत ताज्या धुळीत राखाडी केसांचा पुंजका निघाला. बाईंनी शेटच्या राखाडी अंगाकडे पाहिलं.

"शेट, तुम्ही स्वतः वापरता तेच भंगार द्या मला."