हिरवी पंगत

खैरवाडीत मोबाईलला रेंज हवी तर टेकडी चढावी लागे. रेशनच्या मशीनवर अंगठा लावायलासुद्धा म्हाताऱ्याकोताऱ्या धापा टाकत वर जात. आणि नवी केबल कोणत्या गावाला द्यायची, हे ठरवायला आलेले देवस्थळी साहेब म्हणाले काय, तर "तुमचं गाव नकाशात हिरवं आहे. म्हणजे इथे नेट आहे. केबल दुसऱ्या गावाला जाईल."

"अहो, नेट एकट्या सरपंचाच्या घरात आहे!" हौसाबाई कडाडली.

"एका घरात पोचलं की गावात पोचलं. नियम आहे, बाई."

साहेबांच्या जेवणाची पाळी नेमकी हौसाबाईचीच होती. दुपारी साहेब, त्यांची माणसं आणि ड्रायव्हर तिच्या ओसरीवर पंगतीला बसले. कोंबडीच्या रश्श्याचा वास घमघमत होता. हौसाबाईने टोकाला बसलेल्या ड्रायव्हरचं ताट काठोकाठ भरलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"आमची ताटं?" साहेबांनी विचारलं.

"वाढलं की! एका ताटात पोचलं की पंगतीत पोचलं. तुमची पंगत हिरवी झाली, साहेब."

ड्रायव्हरचा घास हातातच राहिला.

"तू जेव रे बाबा. तुझं नेट चालू आहे."

साहेब आधी लाल झाले, मग त्यांना हसू आवरेना. "वाढा, बाई. जेवून घरोघर फिरतो."

फिरले, आणि नकाशात सरपंचाचं घर तेवढं हिरवं ठेवून बाकी वाडी लाल करून गेले. दिवाळीआधी केबल आली. म्हाताऱ्या अजून टेकडीवर जातात, पण आता नुसतं वारं खायला.