चिंचेचं वेगळं राज्य

माकडं शहाणी होती तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या चार झाडांचा करार होता, कुणाचंही फळ कुठंही बिनजकात जावं. पण चिंचेवरच्या हुप्पाजीला वाटलं, आपल्या चिंचा सगळे फस्त करतात. "आजपासून आपण वेगळे," तो म्हणाला, आणि झाडभर माकडं शेपट्या गुंफून नाचली.

चार दिवसांत साऱ्यांचे दात आंबले. हुप्पाजी पाटीभर चिंचा घेऊन जांभळं आणायला निघाला.

वाटेत आंब्यावरची खार म्हणाली, "परके झालात पाव्हणं, अर्धी जकात ठेवा." उरलेल्या चिंचा पुढं उंबरावरच्या साळुंकीनं जकातीत ठेवून घेतल्या. हुप्पाजी हात हलवत परतला.

"काय आणलंत?" बायकोनं विचारलं.

"स्वातंत्र्य," तो ऐटीत म्हणाला.

"आंबट नाही ना?" तिनं गाल धरून विचारलं.