ग्रहणाचं दान

फार मागच्या काळी, गोदावरीकाठच्या पोतली नगरात अश्मरथ राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने एका जोशाच्या घरी जन्म घेतला. त्याचं नाव रेवत. बापामागे तोच राजाचा जोशी झाला. आभाळाचं गणित त्याच्या हाती असं बसलेलं, की ग्रहण अमुक वेळी लागेल म्हणाला की त्या वेळी लागायचंच. पण ते का लागतं असं कुणी विचारलं, तर तो म्हणे, "राहू कधी येतो तेवढं मला कळतं, बाबा. का येतो ते त्याचं त्याला ठाऊक."

पोतलीचे लोक राहूला फार भीत. तसं कोणतं गाव भीत नाही? पण पोतलीची भीती निराळी होती. तिथली रीत अशी, की सूर्याला ग्रहण लागल्यापासून ते सुटेपर्यंत जे मूल जन्मेल ते राहूचं. ते पुढे बापाला गिळणार. म्हणून ग्रहण सुटायच्या आत ते गोदेत सोडायचं, ज्याचं त्याला परत करायचं. मागच्या ग्रहणात एका कोष्ट्याचं मूल असंच गेलं होतं. कोष्ट्याने ते आपल्याच हाताने सोडलं, घरी येऊन म्हणाला, बरं झालं, सुटलो. पण तेव्हापासून तो नदीवर पाण्याला म्हणून जाईना.

आणखी एक रीत होती. ग्रहण सुटू लागलं की लोक तीळ, धान्य, जुनं वस्त्र, लोखंड असं दान काढत. ते दान ज्याच्या हातात पडेल त्याच्याकडे देणाऱ्याचा दोष जातो, अशी समजूत. त्यामुळे ब्राह्मण ते दान घेत नसत. गावकुसाबाहेर एक लहानशी वस्ती होती, तिथली माणसं तेवढी पदर पसरून ते घेत. आणि घेतात म्हणूनच ती बाहेर राहत. त्यांना गावात पाणी नाही, सावली नाही.

अशा त्या नगरात राणी सुमना पहिलटकरीण होती. दिवस भरत आले, आणि रेवताने राजाला सांगितलं की येत्या अवसेला सूर्यग्रहण आहे. राजाने पुढे काही विचारलं नाही. त्या दिवसापासून तो राणीच्या महालाकडे पाठ करून बसू लागला, असं दासी सांगत.

अवस उजाडली. बायांनी पाण्याच्या घागरींवर, लोणच्याच्या बरण्यांवर दर्भ ठेवले. विळे, सुया, कात्र्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. गरोदर बायांना उताणं निजवून हलू नका म्हणून बजावलं. चुली विझल्या, दारं लागली. ग्रहणात कुणी आभाळाकडे बघायचं नाही, नुसती खिडकीही उघडायची नाही, असा कडक नेम होता. बाहेर राहायचं ते एकट्या जोशाने. राजवाड्याच्या अंगणात हळदीच्या पाण्याने भरलेली परात ठेवून रेवत तिच्यात सूर्याचं बिंब बघत बसला होता. आणि सकाळपासूनच राणीला कळा सुरू झाल्या होत्या.

परातीतल्या बिंबाचा काठ जरासा काळा झाला. अगदी उंदराने भाकरीची कड कुरतडावी तेवढा. रेवताने ओरडून सांगितलं, "स्पर्श झाला." वाड्यात कुणीतरी रडू लागलं आणि लगेच गप्प झालं.

मग ऊन पातळ होत गेलं. दुपार असून पिंपळाखालच्या कवडशांना शिंगं फुटली. कावळे आरडत घरट्याकडे वळले आणि बसल्यावर एकदम मुके झाले. कुत्रीसुद्धा भुंकेनात. वारा गार लागू लागला, तो जणू कुणी ओलं फडकं मानेवर ठेवावं तसा. रेवताने अशी ग्रहणं बरीच बघितली होती, तरी त्यानेही खांद्यावरचं उपरणं घट्ट ओढून घेतलं. भय कुणाला चुकलंय? बोधिसत्त्व झाला म्हणून काय झालं, तोही त्या जन्मी माणूसच होता.

सूर्याची नुसती कोर उरली होती, तेव्हा आत काशाची थाळी वाजली. मुलगा झाला की सुईणीने थाळी वाजवायची, ही तिथली पद्धत. थाळी एकदाच वाजली. दुसरा ठोका पडलाच नाही. सुईणीलाही आठवलं असावं.

थोड्या वेळाने खेमा सुईण डोक्यावरून पदर घेऊन, खाली मान घालून अंगणात आली. तिने रेवताचे पाय धरले. राणीचा निरोप असा होता, की मूल जन्मलं ते स्पर्शाच्या आधी, थाळी वाजवायला उशीर झाला, एवढंच त्याने म्हणावं.

"पण स्पर्श झाल्याचं मी ओरडून सांगितलंय, खेमाबाई."

"कळांच्या गडबडीत कुणी ध्यान दिलं? बाहेर तुम्हीच होता, जोशीबुवा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तेच आभाळ."

खरंच होतं ते. त्याचा एक शब्द पुरे होता, आणि तो शब्द कधी कुणाला खोटा ठरवता आला नसता. रेवत परातीकडे बघत राहिला. त्याच्या मनात आलं, आज राजाच्या लेकरासाठी आभाळ खोटं करीन, ते वाचेलही. पण रीत तशीच राहील. मग त्या कोष्ट्याच्या लेकराने काय पाप केलं होतं? आणि पुढच्या ग्रहणात कुंभाराचं असेल, सुताराचं असेल, त्याच्यासाठी कोण खोटं बोलणार?

त्याने खेमाला एवढंच सांगितलं, की राणीला म्हणावं मूल छातीशी घट्ट धरून ठेव, मी येईपर्यंत कुणाच्या हाती देऊ नकोस.

आत राजा अश्मरथ भिंतीकडे तोंड करून उभा होता. शेजारी पुरोहित हारीत. हारीत काही दुष्ट माणूस नव्हता, बरं का. त्याचा स्वतःचा बाप ग्रहणानंतरच्या महिन्यात गेला होता, तेव्हापासून त्याच्या पोटात राहूच्या भीतीने घर केलं होतं. राजाने वळून न बघता विचारलं, "कधी?"

"स्पर्शानंतर, महाराज," रेवत म्हणाला.

राजा खाली बसला. हारीताने मंत्र पुटपुटत सांगितलं, की उजेड परत यायला लागला आहे, वेळ थोडा आहे, मूल टोपलीत घालून घाटावर न्यायला हवं. राजाने मुलाच्या तोंडाकडे बघायचं नाही. बाकी सगळं मी करतो. हे म्हणताना त्याच्या आवाजाला धार नव्हती, नुसती घाई होती.

तेव्हा रेवताने खांद्यावरचं उपरणं काढलं, आणि राजासमोर गुडघ्यावर बसून ते दोन्ही हातांनी पसरलं.

"महाराज, ग्रहण सुटतंय. दान द्या."

हारीताचं पुटपुटणं थांबलं. "अरे, हे काय करतोस? हे घेणारे गावकुसाबाहेर आहेत."

"त्यांनी तीळ मागितले, लोखंड मागितलं. मी मूल मागतो. ज्याच्या हाती दान पडेल त्याच्याकडे दोष जातो, हे तूच दर ग्रहणाला सांगतोस ना, हारीता? मग दोष जाऊ दे माझ्याकडे. नदीला कशाला त्रास?"

"शास्त्रात मुलाचं दान नाही."

"नको देऊ म्हणून तरी कुठे आहे?"

हारीत रडवेल्या आवाजात म्हणाला, "रेवता, हे घेतलंस की तू आमच्यातला राहणार नाहीस. उद्यापासून तुझी सावली मला ओलांडता येणार नाही."

"ठाऊक आहे. लांबून हाक मारत जा. मला ऐकू येतं अजून."

राजा पहिल्यांदा वळला. त्याचं तोंड पांढरंफटक झालं होतं. "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते, महाराज. माझे हात बघा." पसरलेलं उपरणं थरथरत होतं. "पण भीती मलाही आहे नि तुम्हालाही. पाण्यात जायचं ते मात्र त्यानेच, ज्याला अजून भ्यायलाही येत नाही. हे मला गणितात बसवता येत नाही."

बाहेर कावळा ओरडला. उजेड वाढत होता. राजाने डोळे मिटून होकाराची मान हलवली.

ज्याचं त्याने दान द्यावं म्हणून राणीनेच मूल आणलं. भिंत धरून धरून आली. उपरण्यात ठेवताना तिने त्याची मूठ आपल्या बोटाभोवतून एकेक बोट करून सोडवली. राजाने बघितलं नाही. पण रेवत उठून निघाला तेव्हा राजाचा हात आपोआप पुढे आला होता, असं खेमा पुढे सांगत असे.

रेवत मूल घेऊन नगरातून चालला. सूर्य मोकळा झाला होता, लोक नुकती दारं उघडत होते. तो दिसला की ती पुन्हा लागत. काल ज्यांनी त्याला वाकून नमस्कार केला, त्यांनी आज त्याच्या वाटेवर राख टाकली. मूल रडत नव्हतं. रेवताला दर पावलाला वाटे, हे गार तर पडलं नाही? आणि मग वाटे, हे खरंच राहूचं असलं तर? तो थांबून उपरणं उघडी, बघे, पुन्हा चालू लागे.

घराच्या दारात बायको अनुला उभी होती. बातमी त्याच्या आधी पोचली होती. ती कडक आवाजात म्हणाली, "मला विचारलं असतं तर?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असतेच. मग आले असते मागोमाग. विचारायला काय झालं होतं?" असं म्हणून तिने पाण्याची एक घागर कमरेवर घेतली, दाराला कडी घातली आणि त्याच्या पुढे चालू लागली.

वस्तीचा म्हातारा, सोपाक त्याचं नाव, कुसाबाहेर दानाचे तीळ पाखडत बसला होता. त्याने आधी मुलाकडे बघितलं, मग जोशाकडे, आणि सरकून जागा करून दिली. म्हणाला, "या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहू खात आलोय, जोशीबुवा. मीठ लावलं की पचतो." त्याच्या नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेने काही न विचारता मूल पदराखाली घेतलं. तेव्हा कुठे ते रडलं, आणि रेवतही रडला.

पण भय असं एका दिवसात जात नाही. त्या पावसाळ्यात राजाला ताप भरला. उतरेना. नगरात कुजबुज झाली की मूल जिवंत आहे, ते गिळतंय बापाला. एका सकाळी मोठा जमाव काठ्या घेऊन वस्तीवर आला. अनुला मुलाला घेऊन झोपडीच्या कोपऱ्यात बसली. रेवत दारात येऊन उभा राहिला.

सोपाक काठी टेकत पुढे आला. त्याने जमावाला विचारलं, की मूल न्यायला कोण येणार आहे? "काही नाही, दान ज्याच्या हातात जाईल त्याच्याकडे दोष जातो, म्हणून विचारतो. ज्याला हवा त्याने हात पुढे करावा. आम्हाला काय, तेवढंच ओझं कमी."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मागचे आणखी मागे सरकले. दुसऱ्याला पुढे ढकलू लागले, आणि ज्याला ढकलावं तो अंग काढून घेई. कुणाचाही हात पुढे आला नाही. उन्हं चढेपर्यंत वाट रिकामी झाली.

राजाचा ताप पुढे आपसूक उतरला. तेव्हा मात्र त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

मग वर्षं गेली, आणि पुन्हा सूर्याला ग्रहण लागलं. पुन्हा दारं लागली, चुली विझल्या. ग्रहण सुटत असताना एक कुंभारीण धावत वस्तीवर आली. तिच्या ओटीत ओलं मूल होतं. नदी तिच्या घरापासून जवळ होती आणि वस्ती लांब. तरी ती लांब आली होती. रेवताने उपरणं पसरलं. त्यानंतर पोतलीत ग्रहणाचं एकही मूल पाण्यात गेलं नाही. लोकांची भीती गेली म्हणाल तर नाही गेली. पण पोरं जगली.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा अश्मरथ राजा म्हणजे शुद्धोदन होता. सुमना राणी ती महाप्रजापती गौतमी. अनुला ती यशोधरा. पुरोहित हारीत हा पुढे अग्नीची पूजा सोडून संघात आलेला काश्यप, आणि वस्तीवरचा सोपाक म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतून संघात आलेला आपला वडील भिक्षू, सुनीत थेर. ग्रहणात जन्मलेलं ते मूल राहुल होता. आणि रेवत जोशी तो मीच."

देणाऱ्याचं दान सगळ्यांना दिसतं. पण दुसऱ्याचं भय आपल्या पदरात घेणं, हेही दानच आहे. त्याला अभयदान म्हणतात.