न जन्मलेल्यांच्या पाट्या

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते मला विचारू नका. माझ्या पणजीला ती तिच्या पणजीनं सांगितलेली. खाडीकाठी बोडखार नावाचं गाव होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेतं, आणि मधे मातीचा बांध. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं, मग तीन-तीन वर्षं भाताचं नाव नको.

म्हणून होळी झाली की अख्खं गाव बांधावर. घरात जितकी तोंडं, तितक्या पाट्या चिखल टाकायचा. बांधाचा राखणदार होता पोशा आगरी. लेकी सासरी गेलेल्या, घरात तो आणि त्याची बायको चांगुणा. म्हणजे पाट्या दोन.

बांधाजवळ एक दगड होता. उधाणाचं पाणी कुठवर येतं, त्याची खूण पोशाच्या आज्यानं त्यावर कोरलेली. पोशा तरणा होता तेव्हा पाणी खुणेला टेकायचं. केस पिकले तोवर खूण चार बोटं बुडायला लागली. तो गावाला म्हणाला, "दर्या चढतोय. बांध हातभर वर न्या!"

गाव म्हणालं, "आमच्या हयातीत काही होत नाही ना? मग झालं तर!"

पोशानं भांडून बघितलं, हातापाया पडून बघितलं, कोण ऐकतो! शेवटी त्या वर्षी त्यानं आपल्या दोन पाट्या टाकल्या आणि वर तिसरी टाकली.

"ही रे कुणाची?"

"जो अजून जन्मला नाही, त्याची."

झालं! संध्याकाळी बाया चिंचा घेऊन चांगुणाच्या दारात हजर. पन्नाशी उलटलेली ती बाई आधी लाजली, मग अशी कडाडली म्हणून सांगू! "अवो, या वयात माझं हसं केलंत!" रात्री पोशानं खरं काय ते सांगितलं. सकाळी तिनंच पाटी उचलली. "एकीनं काय होतंय? लेकींना पोरं होतील, त्या पोरांना पोरं होतील. चला."

असं म्हणतात, त्या दिवसापासून दोघांचा एक दिवस चुकला नाही. येणारेजाणारे चिडवायचे, "काय पोशा, आज किती पोरं झाली?" तो म्हणायचा, "चाळीस झाली. बारशाला या!"

एकदा गोमा पाटील वैतागला. "ज्यांचं तोंड दिसणार नाही, त्यांच्यासाठी मरतोस कशाला?"

"पाटील, तुम्ही खाता तो भात कुणाच्या बांधाआड पिकतो?"

"आज्याच्या."

"आज्यानं बघितलं होतं तुमचं तोंड?"

दुसऱ्या दिवशी गोमा पाटी घेऊन आला, आणि पाटील आला म्हटल्यावर गाव आलं. बांध हातभर वर गेला. पोशा आणि चांगुणा पिकल्या पानासारखी सुखानं गेली.

पुढं गोमाच्या पणतवंडांच्या काळात आषाढातल्या अवसेला भर दुपारी असं उधाण आलं, की तसं कुणी ऐकलंही नव्हतं. आज्याची खूण हातभर पाण्याखाली! पाणी बांधाच्या माथ्याला लागलं. लोकांनी पोरं उचलली आणि बघतात तर काय! असं म्हणतात, माथ्यावरून एक म्हातारा नि एक म्हातारी डोक्यावर पाट्या घेऊन चालली होती, आणि त्यांचं पाऊल पडेल तिथली माती वर येत होती. पाणी थांबलं, मुकाट्यानं मागं फिरलं. शेतात एक थेंब आला नाही.

अजूनही बोडखारात होळीनंतर प्रत्येक घर तोंडं मोजून पाट्या टाकतं आणि वर एक जास्त टाकतं. बारशादिवशी बाळाला आधी बांधावर नेतात, मातीला त्याचे पाय टेकवतात नि कानात सांगतात, "तुझी पाटी कधीच पडलीय हो. आता पुढच्याची तू टाक."

आणि निघताना बाया त्या दगडावर एक चिंच ठेवतात. चांगुणाला म्हणतात, "आजी, रागावू नकोस. बघ, झालं गं तुला पोर!"