खारखळग्यातली हाक

चारही बाजूंनी डोंगर आणि मधोमध हा खारखळगा. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही; उन्हाने आटतं आणि तळाला पांढरा खार उरतो. इथे बाभळही धरत नाही. लष्कर तोफांची चाचणी घ्यायला इथे येतं ते उगीच नाही. पण खळगा पहिल्यापासून असा नव्हता, असं सांगतात. आम्ही याच गावचे, म्हणून सांगताना मान खाली जाते.

पूर्वी पश्चिमेच्या कड्यातून गोड्या पाण्याचा झरा वाहत असे म्हणे. त्याच्या जिवावर धुरपा धनगरणीचा कळप पावसाळाभर इथे राही आणि दिवाळी सरली की कोकणात उतरे. एका साली कळप कोकणात असताना एक सरदार नवी ओतलेली तोफ घेऊन आला. पारखायला मोकळी जागा द्या, नाहीतर तुमच्या शिवारातच डागतो, म्हणाला. ज्वारी हुरड्यात आली होती. सुभानजी पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने खळग्याकडे बोट दाखवलं.

"तिथे वस्ती कुणाची?" सरदाराने विचारलं.

मेंढरांचे दगडी वाडे रिकामे दिसत होते. पाटलाने मुठीत भंडारा घेऊन शपथ वाहिली, "कुनाचंच काई न्हाई." सात महिने बाहेर राहणाऱ्याला आपण शेतकरी गावात धरतच नाही. तिथेच चुकलं.

तोफ महिनाभर धडधडली. कडा तडकला, झरा आत गेला. ज्येष्ठात धुरपा परतली. मेंढरं सवयीने झऱ्याकडे धावली आणि कोरडा दगड चाटत उभी राहिली. पाटलाने धावत जाऊन पागोटं तिच्या पायाशी ठेवलं, गावच्या विहिरीवर चल म्हणून विनवलं.

"पाटील, आमी कोकनात गेलो हुतो, मेलो न्हवतो," धुरपा म्हणाली. तहानेला कळप वळवून ती निघून गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. पाटील मात्र मरेपर्यंत रोज कड्यावर जाऊन तिला हाका मारत राहिला.

आजही तोफा डागण्याआधी पाटलांच्या घरातला एक जण कड्यावर उभा राहून तीनदा ओरडतो, "धुरपाबाई, हाय का कुनी?" देशभरातून आलेल्या जवानांना शब्द कळत नाहीत, पण तोवर तोफेला कुणी हात लावत नाही. हाक मारून तो जरा थांबतो. उत्तर येणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं. पण तेव्हा जे विचारायचं राहून गेलं, ते विचारल्याशिवाय त्याचा पाय तिथून निघत नाही.